कवच मिटतं तेव्हा काय होतं? टेबलटॉप आरपीजीसाठी तळ्यातली 'डोहकमठी' घडवताना

टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं खेळण्याच्या खेळात, कासवासारखा प्राणी आणायचा म्हटलं की पहिला हात जातो तो आर्मर क्लासवर, म्हणजे वार लागायला गाठाव्या लागणाऱ्या आकड्यावर. माझाही तिथेच गेला होता. अवाढव्य कासव, खडकासारखी पाठ, म्हणून आर्मर क्लास २०, हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) भरपूर, चावा जबरदस्त. पाचव्या लेव्हलची चार पात्रं त्याच्याशी भिडली आणि पुढचा दीड तास टेबलावर एकच वाक्य ऐकू येत राहिलं: "नाही लागला." वीस बाजूंच्या फाशात हल्ल्याचे +७ मिळवले तर आर्मर क्लास २० वर शंभरातले चाळीसच वार लागतात. शेवटी ते कासव मेलं. पण कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि एक खेळाडू तर मोबाइल बघत बसला होता.

तो प्राणी मी फाडून पुन्हा शिवला. त्यातून जी तयार झाली ती डोहकमठी. कमठ म्हणजे कासव, आणि ही डोहातली मादी. तळ्याकाठचे कोळी तिचं नाव घेत नाहीत, नुसतं 'थोरली' म्हणतात. ती कशी घडवली ते इथे पायरीपायरीने सांगतो. तुम्ही हीच जशीच्या तशी वापरा, नाहीतर याच वाटेने स्वतःचा प्राणी घडवा. आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. पण मूळ कल्पना कुठल्याही पद्धतीत चालेल: कवच हे कायमचं जडवलेलं चिलखत मानायचं नाही. ते मिटतं आणि उघडतं, मिटण्याची किंमत असते, आणि उघडण्याची वेळ खेळाडूंना ओळखता आली पाहिजे.

आधी तळं, मग प्राणी

कागदावर सर्वांत आधी तळ्याचा उभा छेद काढा. वरून दिसणारा नकाशा नंतर. खोली किती, तळाला चिखल की खडक, ऊन कुठवर पोचतं, हे ठरलं की प्राण्याचं निम्मं काम होतं.

खोल तळ्याचं पाणी एकजिनसी नसतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर तरंगत राहतं. दोन थर पडतात, आणि खालच्या थराला वरची हवा मिळत नाही. तिथला ऑक्सिजन सडणाऱ्या पाचोळ्यात संपत जातो. मग गारठा पडतो, वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, वारा सगळं घुसळतो आणि थर एकमेकांत मिसळतात. थंड प्रदेशातल्या खोल तळ्यांत हे वर्षातून दोनदा घडतं, वसंतात आणि शरदात.

यातून आयती दिनदर्शिकाच मिळते. डोहकमठी उन्हाळाभर आणि हिवाळाभर तळाशी पडून असते. पाणी उलथतं तेव्हा ती वर येते. म्हणून कोळी वर्षातले ते दोन पंधरवडे होड्या काठाला बांधून ठेवतात. तुमची कथा नेमकी त्या पंधरवड्यात सुरू करा.

आता प्रश्न असा की ती तळ्याला काय देते? नुसता धोका असलेला प्राणी खेळाडू मारतात आणि विसरतात. इथे मला खऱ्या जगातली एक भयंकर घटना उपयोगी पडली. कॅमेरूनमधल्या न्योस तळ्याच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून साठत होता. २१ ऑगस्ट १९८६ ला तो एकाएकी उसळून वर आला, दऱ्यांतून पसरला आणि सुमारे १७०० माणसं झोपेत गुदमरून गेली. २००१ पासून तिथे नळ सोडून तळाचं पाणी वर आणलं जातं, म्हणजे वायू थोडाथोडा निघून जातो. माझ्या तळ्यात नळाचं काम डोहकमठी करते. ती तळ उकरते, घुसळते, साठलेला वायू बुडबुड्यांनी सुटत राहतो. तिला मारलं तर पहिल्या वर्षी काहीच होत नाही. काही वर्षांनी, एका शांत रात्री, होतं.

हे खेळाडूंना सरळ सांगू नका. काठावरच्या म्हातारीला एवढंच म्हणू द्या: "तळं श्वास घेतं, तोवर आपण घेतो."

शरीर: खऱ्या कासवांकडून काय घ्यायचं

खरी कासवं इतकी विचित्र असतात की कल्पनेला फार ताण द्यावा लागत नाही. मात्र सगळं एकाच प्राण्यात कोंबू नका. मी तीन गोष्टी घेतल्या.

पहिली, कवच म्हणजे घर नव्हे. कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच कवचात मिसळलेला असतो. कासव कवचातून बाहेर पडू शकत नाही, आणि रिकामं कवच म्हणजे सांगाडाच. त्यामुळे "कवच सोडून पळालेलं कासव" हे चित्र विसरा. बरगड्या हलत नसल्यामुळे ते छाती फुगवून श्वास घेऊ शकत नाही, पोटाचे स्नायू ते काम करतात. आणि सर्वांत मोलाची गोष्ट ही की फुप्फुसं वरच्या ढालीखाली असतात. डोकं आणि पाय आत ओढले की त्यांची जागा आक्रसते, हवा बाहेर ढकलली जाते. म्हणजे मिटताना श्वास सुटतो. या एका गोष्टीवर माझा सगळा प्राणी उभा आहे.

दुसरी, ओढ. दक्षिण अमेरिकेतलं माटामाटा कासव मासा पकडायला धावत नाही. ते पाचोळ्यासारखं पडून राहतं, मासा जवळ आला की जबडा आणि घसा एकदम फुगवतं, आणि पाण्यासकट मासा आत खेचला जातो. आता हेच तोंड खोलीच्या दाराएवढं करा.

तिसरी, न श्वास घेता राहणं. उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल गोठलेल्या तळ्याखाली ऑक्सिजनशिवाय महिनोन्‌महिने तग धरतं. शरीरात साचणारं आम्ल त्याच्या कवचातले क्षार शोषून घेतात. थोरली तळाशी ऋतूच्या ऋतू कशी राहते, याचं उत्तर इथे आहे. पण हे निपचित पडून असताना. लढताना तिला हवा लागतेच.

अ‍ॅलिगेटर स्नॅपिंग टर्टलच्या जिभेवर किड्यासारखं आमिष असतं, तेही मला फार आवडतं. पण ओढ आणि आमिष दोन्ही दिले की प्राणी पसरट होतो, म्हणून सोडलं. तुमच्या तळ्याचं पाणी गढूळ असेल तर उलट करा: ओढ काढा, आमिष ठेवा. गढूळ पाण्यात दिव्यासारखी चमकणारी जीभ, आणि ती पाहायला वाकलेला नावाडी.

आकाराबद्दल संकोच नको. मायोसीन काळातल्या स्टुपेंडेमिस या गोड्या पाण्यातल्या कासवाची पाठ २ मीटरहून लांब होती आणि नरांच्या कवचाला पुढच्या बाजूला शिंगं होती. थोरलीची पाठ मी सुमारे साडेचार मीटर धरली, म्हणजे खेळाच्या भाषेत ह्यूज, नकाशावर तीन गुणिले तीन चौकोन. पाठीवर शेवाळ. खऱ्या कासवांच्या पाठीवरही शेवाळ वाढतं, पण हिच्या पाठीवर वाढून वाढून लव्हाळं उगवलंय. दुरून बेटच.

नजर

आपल्या भाषेत कासवीबद्दल एक सुंदर समजूत आहे. ती पिलांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. संतांच्या बोलण्यात ही कासवीची दृष्टी फिरून फिरून येते. जीवशास्त्र वेगळं सांगतं: बहुतेक कासवी अंडी वाळूत पुरून निघून जातात. पण खेळ आपला आहे, आणि हाताशी असलेली इतकी चांगली शक्ती सोडून दुसरीकडून उसना जादूचा किरण कशाला आणायचा?

म्हणून डोहकमठीची जादू एकच, तिची नजर. ती ज्याला आपलं मानते त्याच्याकडे बघत राहिली की तो सावरतो. तिची पिल्लं ढालीएवढी असतात. लढाईत पिल्लं आसपास असली आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात असली, तर तिच्या प्रत्येक टर्नच्या (पाळीच्या) सुरुवातीला त्यांना ५ हिट पॉइंट परत मिळतात. पण त्यासाठी डोकं बाहेर आणि डोळे उघडे हवेत. म्हणजे पिलांना वाचवायचं तर स्वतःचं कवच उघडं ठेवावं लागतं. आई म्हणून तिला काय निवडावं लागतंय, हे टेबलावर सगळ्यांना दिसतं, आणि मी एक शब्दही समजावून सांगत नाही.

महाभारताच्या वनपर्वात तळ्यातल्या कासवाची एक गोष्ट आहे. स्वर्गातून खाली पडलेल्या इंद्रद्युम्न राजाला कुणी ओळखत नाही. मार्कंडेय नाही, घुबड नाही, बगळा नाही. शेवटी अकूपार नावाचं कासव त्याला ओळखतं, कारण ते ज्या तळ्यात राहतं ते तळंच राजाने दान दिलेल्या गाईंच्या खुरांनी झालेलं असतं. तिथून मी दुसरा गुण घेतला: थोरली विसरत नाही. ज्याचा चेहरा ती एकदा बघते, तो तिच्या मरणापर्यंत तिच्या डोळ्यांत राहतो. पुढच्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) त्याच पात्राशी ती वेगळी वागेल. जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, वहीत एक ओळ राखून ठेवा: कुणी वार केला, कुणी हात आवरला.

श्वासाचे तीन खडे

पूर्ण आराखड्यातला माझा सर्वांत आवडता भाग हा.

टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे तीन खडे ठेवा. हे थोरलीचे श्वास. तिच्या टर्नच्या शेवटी ती ठरवते: उघडी राहायचं की मिटायचं. उघडी असताना आर्मर क्लास १४. मिटली की २०, आणि ताकद व काटकपणाच्या सेव्हला (परिणाम टाळण्यासाठी टाकलेल्या फाशाला) अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला चांगला आकडा. पण मिटताना एक खडा उचलला जातो आणि पाण्यातून बुडबुड्यांचा लोट वर येतो. मिटलेली असताना ती हल्ला करत नाही, पोहत नाही, जिथे असेल तिथून पाण्याच्या एका थराने (थर पुढे सांगतो) खाली बुडते. पुढच्या टर्नला पुन्हा उघडते. तिन्ही खडे संपले की मिटता येत नाही, आणि तिला पृष्ठभागावर येऊन एक पूर्ण राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) नाक वर काढून थांबावं लागतं. तेव्हा तिन्ही खडे परत.

आकड्यांत बघा. +७ चा वार आर्मर क्लास १४ वर शंभरातले सत्तर वेळा लागतो, २० वर चाळीस वेळा. ही दरी खेळाडूंच्या हाताला जाणवते, आणि तीस टक्क्यांसाठी ते वाट बघायला शिकतात. कुणी रेडी अ‍ॅक्शन घेतं, म्हणजे योग्य क्षणासाठी वार राखून ठेवतं, कुणी होडी पाठीकडे वळवतं, कुणी हा राउंड जखमी मित्राला ओढून काढण्यात घालवतं. "नाही लागला" ऐवजी "अजून एक खडा" ऐकू येतं.

खडे म्हणजे श्वास हे पहिल्यांदा सांगू नका. ठेवून द्या नुसते. दुसऱ्यांदा हा प्राणी चालवला तेव्हा मी तसंच केलं. खेळाडूंनी पहिला खडा उचलताना बघितला, गप्प राहिले. दुसरा उचलला तेव्हा वैदूचं पात्र खेळणारी मुलगी माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "थांबा. बुडबुडे आले तेव्हाच तुम्ही खडा उचलला. मागच्या वेळीही." मग ती बाकीच्यांकडे वळली: "तिची हवा संपतेय. कुणी मारू नका आता, वर जाऊन थांबा." पुढची दहा मिनिटं कुणी खुर्चीला टेकून बसलं नाही.

आकडे

पाचव्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी मी चॅलेंज रेटिंग (प्राणी किती अवघड त्याचा आकडा) ५ धरलं, म्हणजे १८०० एक्सपी (अनुभवाचे गुण). हे आकडे हवेतून आलेले नाहीत. २०१४ च्या जीएमसाठीच्या पुस्तकातल्या तक्त्यात रेटिंग ५ ला हिट पॉइंट १३१ ते १४५, आर्मर क्लास १५, हल्ल्याला +६, दर राउंडला नुकसान ३३ ते ३८ आणि सेव्हचा डीसी (फाशाने गाठायचा आकडा) १५ असा अंदाज दिलेला आहे. प्राणी त्याच्या आसपास बसवायचा, मग चव बघून मीठ घालायचं.

ह्यूज प्राण्याचा हिट डाइस (हिट पॉइंट ठरवणारा फासा) डी१२, म्हणजे बारा बाजूंचा, सरासरी ६.५. काटकपणा १८, म्हणजे +४. तेरा फासे घेतले तर १३ गुणिले ६.५ म्हणजे ८४.५, अधिक ५२ (१३ गुणिले ४); अपूर्णांक सोडून झाले १३६. ताकद १९, म्हणजे +४. या रेटिंगला प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +३. म्हणून हल्ल्याला +७. तिच्या ताकदीवरच्या सेव्हचा डीसी ८ + ३ + ४ = १५.

डोहकमठी (ह्यूज, निसर्गप्राणी, कुठल्याही पक्षाची नाही)
आर्मर क्लास: उघडी १४, मिटलेली २०
हिट पॉइंट: १३६ (१३डी१२ + ५२)
वेग: जमिनीवर १० फूट, पाण्यात ४० फूट
ताकद १९, चपळाई ८, काटकपणा १८, बुद्धी ८, शहाणपण १६, प्रभाव १०
दृष्टी: अंधारात ६० फूट, पाण्यातली थरथर ६० फुटांपर्यंत जाणवते
*दोन वार:* एक चावा, एक पंजा.
*चावा:* +७, पोच १० फूट, ३डी१० + ४ (सरासरी २०).
*पंजा:* +७, पोच ५ फूट, २डी८ + ४ (सरासरी १३).
*ओढ (दोन वारांऐवजी, पाण्यातच):* तोंडासमोरच्या १५ फुटी शंकूतल्या प्रत्येकाने ताकदीचा सेव्ह, डीसी १५. चुकला तर १० फूट तिच्याकडे खेचला जातो. ओढ घेतल्यावर त्या राउंडला तिला मिटता येत नाही.
*नजर:* उघडी असताना, टर्नच्या सुरुवातीला दिसणाऱ्या प्रत्येक पिलाला ५ हिट पॉइंट.

चावा आणि पंजा मिळून सरासरी ३३ होतात, तक्त्याच्या खालच्या टोकाला. मुद्दाम तिथेच ठेवले, कारण ओढीने खेचलेल्या पात्राचं पुढच्या राउंडला चांगलंच वाईट होतं. चाव्याची पोच १० फूट ठेवण्याचं कारण मान. सापासारख्या मानेची काही कासवं मान आत न ओढता बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली ठेवतात आणि झटक्याने पुढे फेकतात. वर्णन करताना हा झटका सांगा: डोकं डावीकडे लपलेलं दिसतं आणि लगेच समोर असतं, मधला क्षणच नसतो.

नियमपुस्तकातल्या तयार ड्रॅगन टर्टलशी तुलना होईल. त्याचं रेटिंग १७, हिट पॉइंट ३४१, वाफेचा फूत्कार. तो समुद्रातला राजा. त्याला छोटा करून तळ्यात सोडायचा मोह टाळा. वाफेने तळं हलत नाही, श्वासाने हलतं.

पाण्याचे नियम, आणि एक घरचा नियम

पाण्यातली लढाई तीन मितींत मोजायला गेलात तर संध्याकाळ संपेल. तीन थर करा: वर, मधे, तळ. प्रत्येक मिनिएचरखाली (पात्राच्या छोट्या मूर्तीखाली) रंगीत कागद सरकवा, निळा, हिरवा, काळा. एका थरातून दुसऱ्यात जायला १५ फूट पोहणं. लागूनच्या थरातल्याला फक्त लांब पोचेचं हत्यार लागतं. एवढं पुरतं. तळाचा थर गार आणि काळोखा, तिथे उजेड घेऊन गेल्याशिवाय काही दिसत नाही.

पुस्तकातल्या नियमांपैकी तीन आधीच खेळाडूंना सांगून ठेवा, म्हणजे लढाईत वाद होत नाहीत. पोहण्याचा वेग नसलेल्याला पाण्याखाली हातघाईच्या वाराला डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो, म्हणजे दोन फाशांतला वाईट आकडा धरायचा. खंजीर, भाला, जॅव्हलिन, शॉर्टस्वोर्ड आणि त्रिशूळ हे अपवाद. आग पाण्यात बुडालेल्याला अर्धीच लागते. लांबून मारायची बहुतेक हत्यारं बोथट पडतात, क्रॉसबो मात्र चालतो. पहिल्या सेशनला गावच्या लोहाराकडे भाले विकायला ठेवा. हुशार खेळाडू त्यावरून ओळखतात.

श्वास रोखण्याचा नियम मात्र लढाईत निरुपयोगी आहे. पात्र १ अधिक काटकपणाच्या बोनसइतकी मिनिटं श्वास रोखू शकतं. बोनस +२ असेल तर तीन मिनिटं, म्हणजे सहा सेकंदांचे तीस राउंड. लढाई पाच-सहा राउंडांत संपते. बुडण्याची भीती कागदावरच राहते. म्हणून हा माझा घरचा नियम: पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक पात्रालाही तीन खडे. पाण्याखाली मोठा वार बसला (एका फटक्यात १५ किंवा जास्त) तर एक खडा जातो; ओरडलं किंवा मंत्र म्हटला तर एक जातो. खडे संपले की पुढच्या टर्नला वर यायचं, नाहीतर पुस्तकातले गुदमरण्याचे नियम लागू. आता दोन्ही बाजू एकच गोष्ट मोजतायत. वर हवेसाठी थोरली येते, तिथेच हवेसाठी तुमचा योद्धाही येतो, आणि दोघं हाताच्या अंतरावर समोरासमोर. हा प्रसंग मी कधीही लिहून ठेवत नाही. तो आपोआप घडतो.

भेटीआधीच्या खुणा

थोरली दिसायच्या आधी किमान एक सेशन तिच्या खुणांचा असू द्या. रोज जागा बदलणारं लव्हाळ्याचं बेट. काठाच्या वाळूत नांगर ओढल्यासारखी वाट, मधे पोटाची घसट. किनाऱ्याला लागलेलं थाळीएवढं पातळ, शिंगासारखं पापुद्र्याचं खवलं. गोड्या पाण्यातली कित्येक कासवं अशी कवचावरची खवलं टाकतात. रात्री होडीच्या तळाला कान लावला तर खर्जातला आवाज. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मोठ्या नदीकासवांच्या माद्या पिलांशी अशा खालच्या सुरांत बोलतात हे आता माहीत झालंय, तेव्हा ही खूण अगदीच मनगढंत नाही.

आणि भांडणाचं मूळ. बऱ्याच कासवांत वाळूच्या उष्णतेवरून पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं. ऊबदार वाळूत माद्या, गार वाळूत नर. माझ्या तळ्याच्या उत्तर काठावर गेल्या पिढीत कोळशाच्या भट्ट्या लागल्या. वाळू तापली. तेव्हापासून एकही नर जन्माला आलेला नाही. थोरली भट्ट्यांवर का चालून जाते, हे गावाला कळत नाही. खेळाडूंनी घरटं उकरून, पिल्लं मोजून शोधलं तर शोधू द्या. शोधलं नाही तरी प्राणी तसाच वागेल.

लढाई चालवताना

पहिल्या राउंडला ती कधीच मिटत नाही. ओढ घेते, एखाद्याला खेचते, खेळाडू घाबरतात आणि तिच्या उघड्या घशावर तुटून पडतात. चांगले वार बसतात. मग ती पहिल्यांदा मिटते आणि बुडते. हा क्रम राखा: आधी यश चाखू द्या, मग दार लावा. दार आधीच लावलेलं असेल तर खेळाडूंना ते भिंत वाटतं.

मिटणं नुसतं "आर्मर क्लास वाढला" असं सांगू नका. "पाय आत जातात, कडेचं कातडं घड्या घालत मागे सरकतं, नाकातून बुडबुड्यांचा खांब उठतो, आणि ती दगडासारखी खाली जाते." एवढं बोला, खडा उचला, गप्प बसा.

६८ हिट पॉइंटांखाली गेली की ती लढत नाही. घरट्याकडे वळते. वाटेत आलेल्याला पंजा मारते, पाठलाग करत नाही. पिलांमध्ये कुणी उभं असेल तर मात्र ती मिटायचंच सोडून देते: आर्मर क्लास १४, डोळे उघडे, शेवटपर्यंत. हे बघून बऱ्याच टेबलांवर हत्यारं खाली येतात. नाही आली, तरी चालेल. जीएमने ओढून आणू नयेत.

हत्यार खाली ठेवणाऱ्याला काय मिळतं, याची तयारी ठेवा, नाहीतर दयेची शिक्षा झाल्यासारखं वाटतं. भट्ट्या हलवल्या किंवा घरटं गार वाळूत नेलं, तर थोरली एका पात्राकडे रात्रभर बघत राहते. सकाळी त्याच्यावरची थकव्याची एक पातळी आणि कुठलाही एक रोग गेलेला असतो, आणि महिनाभर त्याला पाण्याखाली तीनऐवजी पाच खडे. शिवाय टाकलेली खवलं. चार खवलांची ढाल होते. कारागिराला आठवडा लागतो, तिला मारावं लागत नाही.

मारलीच, तर सांगाडा विकता येतो, एक्सपी मिळतात, गाव मेजवानी देतं. वहीत तारीख लिहा. पुढे कॅम्पेनमध्ये (अनेक सेशनांच्या सलग कथेत) त्या तळ्यावर बुडबुडे येणं बंद झालंय, हे कुणीतरी सहज बोलून जाईल.

लेव्हल बदलायची असेल तर

तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांसाठी हिट पॉइंट ९० वर आणा, पंजा काढून टाका, खडे दोन करा. आठव्यासाठी हिट पॉइंट १८० करा आणि पिल्लं चार ठेवा. आर्मर क्लासला हात लावू नका. खडे तीनाच्या वर नेलेत तर पुन्हा माझ्या त्या पहिल्या दीड तासापाशी पोचाल.

सेशनआधी घरी एकट्याने तीन राउंड खेळून बघा, फासे खरे टाकून. दोन राउंडांत एकही खडा उचलला गेला नाही तर तुम्ही तिला फार धीट चालवताय. आणि खडे आणाल ते गुळगुळीत, काळे, मुठीत मावणारे आणा. खेळाच्या आधी पाण्यात बुडवून ठेवा. टेबलावर ओला खडा ठेवला की त्याच्याखाली पाण्याचा डाग राहतो, आणि खडा उचलल्यावरही खेळाडू त्या डागाकडे बघत राहतात.